डिस्ट्रिब्युटरचे नवे घर

रोजाच्या दिवसांत दुपारी चारनंतर गॅरेजचा आवाज खाली येतो. घशाला कोरड पडलेली असते, हातोडा उचलायला जीव जड होतो. अमरावतीत वलगाव रोडवरच्या आमच्या मामूंच्या गॅरेजात त्या वेळी नवे काम हाती घ्यायचे नाही, असा जुना शिरस्ता आहे. सांडलेली हत्यारे गोळा करायची, रॉकेलने हात धुवायचे आणि इफ्तारला घर गाठायचे. यंदा पहिल्याच आठवड्यात हा शिरस्ता मोडला. मूर्तिजापूरहून टेम्पोवर लादून एक ॲम्बेसेडर आली. पांढरी, मार्क टू, १९६८ ची.

मामू आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हात कापतात म्हणून पाना धरत नाहीत, खुर्चीवर बसून सांगतात. त्यांनी बॉनेटकडे जायच्या आधी गाडीचा नंबर वाचला आणि माझ्याकडे पाहिले. मीही वाचला होता. या गाडीचे आणि माझे जुने नाते आहे. ते पुढे सांगतो.

गाडीसोबत आलेले सर शाळेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "चाचा, मधीच झटके खाते, मधीच बंद पडते. कॉइल बदलली, प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. आता काय करू?" मामूंनी पोराला डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायला सांगितली. पोराने आतला रोटर दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहिला. तो हलायला नको होता. हा तर सैल झालेल्या दातासारखा डुलत होता.

"घर गया," मामू म्हणाले.

गॅरेजच्या बोलीत घर म्हणजे हाऊसिंग, डिस्ट्रिब्युटरचे बाहेरचे धातूचे खोळे. कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर हे सगळे त्याच्या आधाराने बसते. बाकीचे भाग लोक वरचेवर बदलतात. घर मात्र कोणी पाहत नाही, कारण ते हलत नाही, फिरत नाही, ठिणगी देत नाही. नुसते धरून ठेवते.

सेकंदाला शंभर ठिणग्या

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पेटते ते प्लगच्या ठिणगीने. बॅटरी देते बारा व्होल्ट. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. पण चार सिलिंडरांपैकी कोणाला ठिणगी द्यायची आणि नेमकी केव्हा, हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. नावाप्रमाणेच तो वाटपी आहे. ॲम्बेसेडरच्या वाटपाचा क्रम १-३-४-२.

त्याच्या मधोमध एक शाफ्ट फिरतो, इंजिनाच्या निम्म्या वेगाने. शाफ्टवरच्या चार उंचवट्यांनी पॉइंट उघडतात आणि मिटतात. एकदा उघडले की एक ठिणगी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असेल, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या होतात. म्हणजे सेकंदाला शंभर! पॉइंट उघडल्यावर त्यांच्यातली फट असते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी.

आता हा शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो, तो बुश बसतो हाऊसिंगच्या नळीत. बुश झिजला किंवा नळीच लांबट झाली, की शाफ्ट डुलतो. एका सिलिंडरच्या वेळी फट जास्त, दुसऱ्याच्या वेळी कमी. एकाला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा. शिवाय पॉइंटच्या करंटचा परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग, याच हाऊसिंगमधून इंजिनाला मिळतो. तिथे गंज चढला की ठिणगी कधी मिळते, कधी नाही. बाहेरून मात्र सगळे ठाकठीक दिसते. म्हणून माणूस आधी प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो, मग मिस्त्री बदलतो.

माझा लेप

१९९८ च्या जानेवारीत रमजान होता. मी सतरा वर्षांचा, कॉलेज सुटले की मामूंकडे काम शिकायचो. हीच गाडी सर्व्हिसिंगला आली होती. तेव्हा ती सरांच्या वडिलांची, मूर्तिजापूरच्या कापसाच्या अडत्याची. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे.

डिस्ट्रिब्युटर काढायचा होता आणि तो निघत नव्हता. हाऊसिंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, ज्यात ते बसते तो ब्लॉक बिडाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून वर्षानुवर्षे राहिले, त्यात ओल शिरली, की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसतात. मामूंनी बजावले होते, "तेल सोड, रातभर रहने दे. कल हळूहळू डावी-उजवीकडे घुमा." ते असरच्या नमाजाला गेले. मला इफ्तारच्या आधी काम संपवून दाखवायचे होते. मी छिन्नी लावली आणि ठोका दिला. डिस्ट्रिब्युटर सुटला. सोबत हाऊसिंगच्या मानेला, जिथे क्लॅम्प त्याला आवळतो तिथे, चीर गेली.

ती चीर मी लपवली. दोन पुड्यांचा मळून लावायचा लेप भरला, वाळल्यावर घासला, वरून चंदेरी रंग मारला. गाडी सुरू झाली, आवाज छान आला, काकाजी पैसे देऊन घेऊन गेले.

तिसऱ्या रात्री काकाजींच्या आईच्या छातीत दुखू लागले. त्यांना घेऊन ते अकोल्याला निघाले. बोरगाव मंजूच्या अलीकडे इंजिन पुरते तापले, लेप मऊ पडला, मान क्लॅम्पमधून सैल झाली आणि अख्खा डिस्ट्रिब्युटर जागेवरच फिरला. घर फिरले की ठिणगीची वेळ फिरते. सायलेन्सरमधून एक मोठा बार निघाला आणि गाडी थंडीत रस्त्यावर उभी राहिली. पाऊण तासाने एका ट्रकवाल्याने त्यांना अकोल्याला पोहोचवले. आजी वाचल्या. पण तो पाऊण तास आजही माझ्या हिशेबात आहे.

गाडी परत आली तेव्हा मामूंनी नखाने रंग खरवडला. "ये किसने लगाया?" मी सांगितले. त्यांनी मारले नाही, ओरडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सहरी करून, फजर पढून, पहिल्या एसटीने ते मला मूर्तिजापूरला घेऊन गेले. काकाजींच्या ओसरीत उभे राहून म्हणाले, "काकाजी, गाडी बिघडली नव्हती. आमच्या पोरानं तोडली अन् लपवली. खर्च आमचा. जे बोलाचं ते मले बोला."

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला विचारले, "तुले भेव कवा वाटलं? तोडली तवा, का लपवली तवा?"

मी खरे सांगितले. "तोडली तवा."

"मंग उलटं झालं रे बाप्पा," ते म्हणाले.

मामूंनी दोन दिवस अकोल्यातली भंगाराची दुकाने पालथी घालून तसलेच एक हाऊसिंग मिळवले आणि पदरच्या पैशाने बसवले. तुटलेले जुने हाऊसिंग कागदात गुंडाळून काकाजींच्या हातात दिले. त्या दिवसापासून गॅरेजचा एक नियम झाला. काढलेला प्रत्येक भाग, अगदी जळालेला प्लगसुद्धा, गिऱ्हाइकाला परत द्यायचा. आमच्यात अमानत म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हवाली केलेली वस्तू. मामूंचे म्हणणे, गाडी अमानत आहे, तर तिचा तुटलेला तुकडाही अमानत आहे.

जस्ताला लागलेली कीड

भंगारातून आणलेले ते हाऊसिंग आता झिजले. पण ते वापराने झिजले. काही हाऊसिंग गाडी न वापरताही मोडतात, शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीतही. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी हा आजार ओळखायला हवा.

फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये मुंबईत आपली कंपनी काढली. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ मध्ये शिवडीला सुरू झाला. तो काळ अमेरिकन मोटारींचा. त्या काळी तिकडे डिस्ट्रिब्युटरची हाऊसिंग, कार्बोरेटर, दाराच्या मुठी असले बारीक नक्षीचे भाग पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतत. जस्त कमी उष्णतेवर वितळते, साच्यात कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचते, स्वस्त पडते. अडचण एकच होती. त्या जस्तात शिसे राहून जायचे, कथील राहून जायचे. ही मिसळ धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसते. मग उष्ण आणि दमट हवेत सांधे आतून खात जातात. धातू फुगतो, वाकतो, चिरा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा हातात चुरा होतो. घर फुगले की आतला शाफ्ट अडकतो, कधी मोडतोही.

किती शिसे पुरते? आजच्या चांगल्या जस्ताच्या ओतीव भागात शिशाची मर्यादा ०.००५ टक्के धरतात, म्हणजे एक लाख भागांत पाच भाग. १९२९ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून झमॅक नावाचा मिश्रधातू आणला, तेव्हा हा रोग आटोक्यात आला. त्याआधीच्या भागांना मात्र इलाज नाही. वेल्डिंग करा, लेप लावा, मुलामा चढवा, कीड आत चालूच राहते. कारण ती बाहेरून लागलेली नाही, ओतताना आत गेलेली आहे. असे हाऊसिंग दिसले की एकच उपाय, आतले भाग काढून घ्या आणि घर नवे करा.

पॉवडर धरलेले ॲल्युमिनियम आणि कीड लागलेले जस्त यांत फरक ओळखणे सोपे आहे. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी घासली की खाली शाबूत धातू लागतो. जस्ताच्या चिरा घासल्या की खाली आणखी चिरा लागतात.

घर नवे, संसार जुना

सरांपुढे तीन रस्ते होते. पहिला, पुन्हा भंगारातून हाऊसिंग शोधणे. पण ॲम्बेसेडरचा कारखाना २०१४ मध्ये थांबला, मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. भंगारात जे मिळेल ते याच वयाचे, हीच झीज झालेले. दुसरा, पॉइंट नसलेला नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर आख्खा बसवणे. रोज गाडी चालवायची असेल तर हा रस्ता वाईट नाही, असे मामूंनी स्वतःच सांगितले. पण इंजिनाचा वेग वाढतो तशी ठिणगी किती आधी पडावी, हे शाफ्टवरची दोन वजने आणि त्यांच्या स्प्रिंग ठरवतात. जुन्यातली वजने आणि स्प्रिंग याच इंजिनासाठी निवडलेली आहेत. नव्यातली तशीच असतील असे नाही.

तिसरा रस्ता म्हणजे नवे हाऊसिंग ओतून घेणे आणि आतला सगळा संसार जुनाच ठेवणे. सरांनी हा धरला. त्याला कारण होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरती रस्त्यावर आणता येते. सरांना वडिलांची गाडी तशी नोंदवायची आहे, आणि जमेल तितकी मूळची ठेवायची आहे.

प्रश्न मापाचा होता. झिजलेल्या हाऊसिंगवरून माप घेतले, तर नव्यातही तीच झीज उतरणार. तेव्हा सरांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत १९९८ चे तुटलेले हाऊसिंग होते. काकाजी गेले, पण शेवटपर्यंत ते त्यांच्या गादीवर पावत्या दाबायला होते. मानेवर माझा लेप तसाच, चंदेरी रंग पोपडे धरलेला. चीर मानेला होती. नळी, वाटी आणि कॅपच्या क्लिपांच्या जागा मात्र शाबूत होत्या. मामूंनी ते हातात घेऊन आत बोट फिरवले. "नाप मिल गया," म्हणाले.

दोन्ही हाऊसिंग घेऊन मी अकोल्याला गेलो. या रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा सलग एक लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला होता. आमच्या मुठीएवढ्या घराला त्याच अकोल्यात बारा दिवस लागले.

आधी लाकडी पॅटर्न. ॲल्युमिनियम थंड होताना आकसते, शंभर मिलिमीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर. तेवढा पॅटर्न मोठा करावा लागतो, शिवाय लेथवर उतरायला जादा अंग ठेवावे लागते. मग ओतकाम. ओतणाऱ्या कारागिराने बजावले, भांड्यांचे भंगार आणू नका, जुने पिस्टन आणा. पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन असते, त्यामुळे ते साच्यात नीट वाहते. त्याची दोन माणसे रोजात होती, म्हणून भट्टी पहाटेच लावली, ऊन तापायच्या आत ओतून मोकळे. वाळूचा साचा आधी नीट वाळवला, कारण ओल राहिली तर तिची वाफ होऊन वितळलेला धातू उसळतो.

लेथवर खरी कसोटी. बाहेरची मान आणि आतले भोक एकाच बांधणीत कापावे लागते. तुकडा मध्ये सोडून पुन्हा बांधला तर दोन्हींचे मध्य जुळत नाहीत, आणि शाफ्ट पहिल्या दिवसापासून डुलतो. बुश आणला सच्छिद्र ब्राँझचा. तो चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा, म्हणजे तेल त्याच्या छिद्रांत भरते. मग गुळगुळीत दांड्यावर चढवून दाबून बसवायचा. आतून रीमर मात्र फिरवायचा नाही. रीमरने छिद्रे बुजतात, तेल आतच राहते आणि बुश कोरडा चालतो. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते, आणि नवे घर वर्षभरात जुने होते.

गॅरेजात जोडणी पोराने केली, मामूंनी खुर्चीवरून. क्लॅम्पच्या जागी रंग लावू दिला नाही, अर्थिंग तुटू नये म्हणून. क्लॅम्पचा बोल्ट बेताने आवळला; जोर लावून आवळूनच पुष्कळ माना तुटतात. शाफ्टच्या टोकाची जीभ मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. पॉइंटची फट लावली. मग पॉइंटच्या तारेला बारीक बल्ब जोडून हाऊसिंग हळूहळू फिरवले. बल्ब पेटला ती पॉइंट उघडण्याची घडी, तिथेच आवळले.

हिशेब

सर गाडी न्यायला आले त्या दिवशी मी मामूंना बाजूला घेऊन म्हटले, आपली मजुरी घेऊ नका. ते रागावले. "वो हिसाब तभी हो गया था. ये काम अलग है." त्यांनी ओतकाम, लेथ, बुश आणि मजुरी वेगवेगळी लिहून चिठ्ठी दिली. सरांनी वाचली, घासाघीस न करता पैसे मोजले.

मग मामूंनी दोन पुड्या पुढे केल्या. एकीत झिजलेले हाऊसिंग, दुसरीत तुटलेले. सरांनी दुसरी पुडी उघडून पाहिली. मी म्हटले, "सर, तो लेप काढून देतो, घाण दिसतो."

"राहू द्या," ते म्हणाले. "बाबांनी एवढी वर्सं नाही काढला."

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मामूंनी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून ठेवला. हवा एकसारखी येते का, मध्ये दम तुटतो का, ते पाहत. कापरा हात बराच वेळ तिथेच होता. मग त्यांनी मान हलवली आणि सरांना म्हणाले, "पाचशे किलोमीटर झाले की या. क्लॅम्प पुन्हा पाहून घेऊ."

इफ्तारला वीस मिनिटे होती. सर बडनेऱ्याच्या दिशेने निघाले, आम्ही हात धुवायला लागलो.